गाळलेल्या जागा

सकाळी एक स्तोत्र मोठ्याने म्हणून होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा, आणि माझ्या भावाची मुलगी झकिया हिला तो दुधाचे दात होते तेव्हापासून ठाऊक आहे. तरी त्या सोमवारी ती अनवाणीच धावत स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर चढून बसली.

"आत्या, बोलू नकोस. नुसती ऐक."

मी कशाला बोलते! माझ्या हातात उलथनं होतं, तव्यावर अंडी होती.

"अटलांटाहून माणूस येतोय. गाण्यांच्या कंपनीचा. लामाँट नाव आहे. माझं गाणं ऐकायला येतोय, शनिवारी, आपल्या माशांच्या जेवणाला!"

मी उलथनं वर केलं.

"हो, चर्चच्या अंगणात. पाळकसाहेबांना विचारलंय मी. ते म्हणाले, धुतलेलं गाणं म्हणणार असशील तर खुशाल म्हण. अंडी करपतायत, आत्या."

मी त्या दिवशी सगळ्यांत छोटं स्तोत्र म्हटलं. दोनच वचनांचं आहे ते. देवाने समजून घेतलं असेल. आमेन म्हणताक्षणी तिला ओट्यावरून खाली ओढलं आणि पोटाशी धरलं. ही मुलगी विमानतळावर पार्सलं चढवते आणि उरलेल्या वेळात गाणी रचते. तिचा बाप ट्रक घेऊन आठवडाभर रस्त्यावर असतो, म्हणून ती माझ्याकडे राहते. नुसती बोलायला लागली तरी शब्दाला शब्द जुळतो तिचा. मेम्फिसमध्ये दर दुसऱ्या घरात एखादं पोर रॅप करतं, पण अटलांटाहून माणूस प्रत्येकाच्या दारी येत नाही.

"धुतलेलं म्हणजे गं काय?" मी विचारलं.

"म्हणजे रेडिओवर लावता येईल असं. वाईट शब्द काढलेलं."

काढले म्हणजे त्या जागी चांगले घातले, असं मी समजले. मला रेडिओवर एकच ठिकाण माहीत, तिथे सकाळपासून देवाची गाणी असतात. झकियाने ते धुतलेलं गाणं माझ्या फोनमध्ये घालून दिलं, कुठे बोट दाबायचं ते दाखवलं आणि मक्याच्या कण्या उभ्यानेच खाऊन कामाला पळाली.

दुपारी मी मागच्या दारी चवळीच्या शेंगा सोलत बसले आणि गाणं लावलं. आधी नुसता ठोका. छातीत कुणी खुर्ची सरकवतंय असा. मग माझ्या पोरीचा आवाज आला, जाड, खोडकर, आणि मध्येच एकदम मऊ होणारा. गाणं आमच्याच गल्लीचं होतं. उन्हाळ्यात वीज जाते, मग सगळे घरांच्या पायऱ्यांवर येऊन बसतात, त्याचं. धृपदात ती विचारते,

"पायरीवर बसलंय कोण?"

आणि गप्प. ठोकासुद्धा थांबतो. मग पुन्हा,

"अंधारात हसलंय कोण?"

पुन्हा गप्प. सगळं धृपद तसंच. प्रश्न, मग रिकामी जागा.

माझ्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. आमच्या चर्चमध्ये जुन्या लोकांना वाचता येत नव्हतं तेव्हापासूनची रीत आहे. पुढे उभा राहणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. ती थांबलेली जागा मंडळीची. तिथे आपण बोलायचं असतं. आणि ही पोर, जिला रविवारी उठवायला मला तीन हाका माराव्या लागतात, तिने आपल्या गाण्यात मंडळीसाठी जागा ठेवली! मला तिथेच रडू आलं. शेंगांचं टोपलं बाजूला ठेवून मी पुन्हा गाणं लावलं.

मंगळवारी आमचा उपास असतो. आम्ही म्हाताऱ्या पांढरे कपडे घालून दुपारपर्यंत चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थनेला बसतो. प्रार्थना झाल्यावर मी ल्युव्हेनिया आणि ओपल या दोघींना थांबवून घेतलं आणि गाणं ऐकवलं. ल्युव्हेनियाच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून फोन उजव्या कानाशी धरला. आवाज मात्र तिचा असा की पूर्वी माईक बिघडला की पाळकसाहेब तिलाच उभं करायचे.

"आता या जागेत आपण काय म्हणायचं?" मी विचारलं.

"हालेलुया म्हणू या," ओपल म्हणाली. ती दरवेळी हालेलुयाच म्हणते.

"पायरीवर बसलंय कोण, तर हालेलुया?" ल्युव्हेनिया म्हणाली. "हालेलुया कधी पायरीवर बसतो का, बाई? पोरगी विचारतेय कोण. कोण म्हटलं की नाव सांगायचं."

"कुणाचं?"

"माझ्या पायरीवर तर रूफसच बसतो. लग्न झाल्यापासून तिथेच बसलाय तो."

तसं ठरलं. प्रत्येकीने आपापलं माणूस घ्यायचं. ओपलने आपली बहीण पर्ली घेतली. मी काही ठरवलं नव्हतं, मी नुसता टाळ्यांचा ठेका धरला. उपास पोटात असूनसुद्धा आम्ही इतक्या हसलो की झाडलोट करणारी बाई डोकावून गेली.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही माझ्या घराच्या ओसरीवर सराव करत होतो तेव्हा झकिया कामावरून आली. फाटकाशीच थांबली. फोनमधून तिचा आवाज विचारत होता, पायरीवर बसलंय कोण, आणि ल्युव्हेनिया कठडा धरून गरजत होती, "रूफस!"

झकिया पायरीवर बसली आणि पोट धरून हसली.

"तुझी जागा भरली बघ गं आम्ही!" ल्युव्हेनियाने जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शनिवारी बघ तू!"

दोघी वळणाआड गेल्या तसं झकियाचं हसू उतरलं.

"आत्या, ती जागा तुमच्यासाठी नाही ठेवलेली."

"मग?"

"तिथे शब्द होता. धुतलेल्या गाण्यात तो पुसतात. पुसला की तेवढी जागा रिकामी राहते."

"कुठला शब्द?"

ती आपल्या बुटांकडे बघत म्हणाली, "तो."

आमच्यात कुणी नुसतं 'तो' म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. गोऱ्यांनी आम्हा काळ्यांना हाक मारायला दिलेली ती शिवी, शब्द एकच. मी तो आजवर तोंडातून काढलेला नाही, आणि इथेही लिहिणार नाही.

"आणि शनिवारी?" मी विचारलं.

"शनिवारी मी म्हणणारच नाही तो. मी नुसती थांबेन. पोरांना गाणं पाठ आहे, ती ओरडतील. लामाँटना तेच ऐकायचंय, अख्खी गल्ली एका आवाजात. माझ्या तोंडी शब्द नाही, म्हणजे पाळकसाहेबांना दिलेलं वचनही मोडत नाही."

"तू वकील व्हायला हवं होतंस."

"आत्या, रागावू नकोस ना."

"मी कुठे रागावले?"

"तू हळू बोललीस की जास्त भीती वाटते." ती जवळ सरकली. "हे बघ. तो शब्द आता आपला झालाय. शेवटचा 'र' आम्ही काढून टाकला. 'र' असला तर शिवी. 'र' काढून 'आ' लावला की तो मित्र, भाऊ, आपलं माणूस. जगभर पोरं म्हणतात असं."

मी तिला शेजारी बसवलं. मग तिला तिच्या आजोबांचं सांगितलं.

"तुझे आजोबा लाकडाच्या गिरणीत होते. तिथला मुकादम मिसिसिपीचा गोरा. त्याला जन्मात कधी शब्दाच्या शेवटी 'र' म्हणता आला नाही. तिकडचे सगळे तसेच बोलतात. नदीला म्हणायचा रिव्हा. पाण्याला वॉटा. तुझ्या आजोबांना हाक मारायचा तीही 'आ' लावूनच. त्यांना नाव आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही."



"रिव्हा," झकियाने हळूच म्हणून बघितलं. मग तिला नको असताना हसू आलं. "आत्या, हे बरोबर नाही. मी या 'आ'वर कॉलेजात निबंध लिहिलाय. चांगले गुण मिळालेत मला."

"मिळू देत की. तुझा बाप फोनवर दोस्तांना तोच शब्द म्हणतो, माझ्या पाठीमागे. त्यात माया असते, तीही मी ऐकलीय. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"मग काही नाही. मायेला इतके शब्द आहेत आपल्याकडे. त्या माणसाला नेमका तोच का हवा?"

तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "आधी तिथे 'शेजारी' होतं," ती म्हणाली. "पायरीवर बसलंय कोण? शेजारी! अंधारात हसलंय कोण? शेजारी! मी तसंच पाठवलं होतं. लामाँट म्हणाले, शेजारी कोण नाचत म्हणेल? तो शब्द टाक, म्हणजे ह्यूस्टनपासून डेट्रॉइटपर्यंत सगळे ओरडतील. उपनगरातली गोरी पोरंसुद्धा, गाडीच्या काचा खाली करून."

"गोरी पोरं ओरडतील?"

"हो."

"'र' लावून की न लावता?"

तिने बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मला हे हवंय, आत्या. पार्सलं चढवून माझी पाठ मोडते. मला गाण्याचं काम हवंय. पुन्हा कोण येणार आहे इथे माझ्यासाठी?"

"ठाऊक आहे मला. मी आडवी येणार नाही. खुर्चीत बसून ऐकेन."

शुक्रवारी पुन्हा उपास. प्रार्थनेला बसले तर काय मागावं तेच कळेना. गाणं चालावं हेही मागायचं होतं, आणि तसं चालू नये हेही. शेवटी मासे नीट तळले जावेत एवढं मागितलं आणि उठले. ओपलला भेटून सांगितलं की ती जागा आपली नाही, उद्या काही म्हणायचं नाही. ल्युव्हेनियाला फोन केला. तिने तो कुठल्या कानाला लावला देव जाणे. "हो हो," ती म्हणाली, "जोरातच म्हणते, काळजी नको."

मी पुन्हा लावला, तर उचलला नाही.

शनिवारी सकाळपासून अंगणात कढया चढल्या. मांगूर मासा मक्याच्या पिठात घोळवून सोडला की जो वास सुटतो, त्याला आमंत्रण लागत नाही. बाजूला शेवयांचं मोठं भांडं, लाल तिखट रस, पावाच्या चवडी, बादल्यांमधून गोड चहा. बायकांच्या टोप्या अशा की मागच्याला पुढचं दिसू नये. रूफस जेवून झाडाखाली खुर्चीत झोपला होता, टोपी नाकावर.

लामाँट आला. आमचाच, काळा, पन्नाशीकडे झुकलेला, अंगावर सगळं कोरं आणि पायात पांढरेशुभ्र बूट. बिचारा पाय जपून टाकत होता. ओपलने त्याच्या हातात ताटली दिली, नको म्हणाला तशी आणखी एक तुकडा वाढला.

"बाई, मी कामासाठी आलोय."

"मग उपाशीपोटी काम करणार का? खा."

मी माझ्या शेजारी त्याला खुर्ची दिली. झकिया मंचावर चढली. माझ्याकडे बघितलं नाही तिने. ठोका सुरू झाला, आणि पुढे दाटी करून उभी असलेली पोरं-पोरी उड्या मारायला लागली. पहिलं कडवं तिने असं म्हटलं की मला अभिमानाने बसवेना. वीज गेलेली संध्याकाळ, पायऱ्यांवरचे पंखे, कुणाच्या तरी घरातला जळलेला पाव, सगळं त्यात होतं. लोक एकमेकांना ढोसून हसत होते. मग ती म्हणाली,

"पायरीवर बसलंय कोण?"

ठोका थांबला, आणि पोरांनी तो शब्द ओरडला. चर्चच्या अंगणात, इतक्या गळ्यांतून. पाळकसाहेब कढईपाशी होते, त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. लामाँटने फोन वर धरला होता, मान डोलावत होता. झकियाचा चेहरा मला दिसला. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि पोरगी दचकलेली होती.

"अंधारात हसलंय कोण?"

"रूफस!"

ल्युव्हेनिया टेबलाशी उभी राहिली होती. हातात झारा नाही की माईक नाही, नुसती ती आणि तिचा गळा. पोरांचा शब्द त्याखाली कुठल्या कुठे गेला. झाडाखाली रूफस टोपी सावरत उठला. "काय झालं? कोण बोलावतंय?"

सगळं अंगण फुटलं हसून. लोक टेबलं बडवायला लागले. ठोका वाजवणारा पोरगा इतका हसला की त्याचा हात चुकला, आणि त्याने धृपद पुन्हा पहिल्यापासून धरलं. झकियाने माझ्याकडे बघितलं. मग माईक तोंडाशी नेला.

"पायरीवर बसलंय कोण?"

"पर्ली!" ओपल ओरडली. काल मी सांगितलेलं सगळं विसरून.

"अंधारात हसलंय कोण?"

"डीकन होजेस!" "माझी मावशी टॉमी-रूथ!" "कोपऱ्यावरचा टायरवाला!"

आता कुणी थांबेना. ज्याला जे नाव सुचेल ते. पुढच्या पोरांनी एकमेकांची नावं घ्यायला सुरुवात केली, ज्याचं नाव घेतलं त्याने वर उडी मारायची असा खेळच झाला. गेलेल्यांची नावं आली तेव्हा टोप्या हातात आल्या, आणि लगेच पुन्हा डोक्यावर. एका लांबुळक्या पोराने हट्टाने मधेच तो जुना शब्द ओरडला, तर शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, स्वतःचं नाव विसरलास का, कॉर्टेझ?" आणि पुढच्या वेळी सगळ्यांनी मिळून "कॉर्टेझ!" म्हटलं. लाजला, पण उडी मारली त्याने.

मी कधी आवाज चढवत नाही. चर्चमध्येसुद्धा माझं आमेन शेजारणीला ऐकू जातं तेवढंच. पण झकियाने "पायरीवर बसलंय कोण?" विचारलं आणि मी उभी होते.

"क्लेव्हलँड टगल!"

वडिलांचं नाव, आडनावासकट. ठोका थांबलेला होता त्यामुळे ते एकटंच पसरलं, भिंतीवर आपटून परत आलं. झकियाने माईक खाली केला. मग तोंडाशी नेऊन, न विचारता, तिनेही म्हटलं, "क्लेव्हलँड टगल!" आणि अंगणाने तिच्यामागून म्हटलं. कुणालाच माहीत नव्हतं ते कोण.

लामाँट माझ्या शेजारी उभा होता. फोन कधीच खाली आला होता.

"तुम्हाला घरी काय म्हणायचे हो?" मी त्याच्या कानाशी विचारलं.

"लामाँटच."

"घरी, म्हटलं."

तो जरा घुटमळला. "आजी बिस्किट म्हणायची."

मी ल्युव्हेनियाच्या उजव्या कानात सांगितलं. पुढच्या जागेत "बिस्किट!" असं काही दणाणलं की त्या माणसाने दोन्ही हात वर केले.

गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. झकिया घामाने निथळत आमच्याकडे आली. लामाँट ताटलीतला मासा संपवत होता.

"मजा आली," तो म्हणाला. "खरंच सांगतो, फार वर्षांत अशी आली नव्हती. पण हे इथलं झालं. रेकॉर्डवर तो शब्द लागेल. रूफस कोण, हे बाहेर कुणाला माहीत?"

"मी आहे ना इथे," रूफस म्हणाला.

"तुम्ही तर बिस्किट ऐकून नाचलात," झकिया म्हणाली.

"मी नाचलो नाही."

"नाचलास," ल्युव्हेनिया म्हणाली. "बूट बघ तुझे."

त्याने बघितले. पांढऱ्यावर लाल रस, धूळ, कुणाच्या तरी टाचेचा शिक्का. हसला बिचारा. मग पुन्हा कामाचा चेहरा केला. "सोमवारपर्यंत विचार कर, पोरी."

झकियाने माझ्या खुर्चीचा हात धरला. 

"विचार झाला," ती म्हणाली. "तो शब्द मी नाही घालणार. ती जागा उघडी राहील. जो ऐकेल तो त्याच्या पायरीवरचं नाव घालेल. असं हवं असेल तर गाणं तुमचं. नाहीतर नाही."

"वरच्या लोकांना पटणार नाही."

"पटवून बघा."

त्याने रिकामी ताटली खाली ठेवली. "बघतो," म्हणाला, "वचन देत नाही." आणि ओपलने चांदीच्या कागदात बांधून दिलेले मासे काखेत मारून गाडीकडे गेला.

त्याचा फोन येईल का, मला माहीत नाही. झकियालाही नाही. आम्ही दोघी घरी चालत निघालो.

"चुकलं का गं माझं, आत्या?"

"तुला काय वाटतं?"

"पाठ दुखतेय. आणि बरं वाटतंय."

"दोन्ही खरं असेल."

कोपऱ्यावर केस करायचं दुकान उघडं होतं. शनिवारची गर्दी, उद्याच्या उपासनेसाठी. दुकानाची मालकीण व्हर्डेल दारात आली, हातात गरम कंगवा.

"ए झकिया! सगळं ऐकू येत होतं आम्हाला इथे. टायरवाल्याचं नाव घेतलं, आमचं कुठे होतं? तुझ्या वेण्या कोण घालतं?"

झकियाने माझ्याकडे बघितलं, वाटेतल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं आणि त्यावर ठोका धरला.

"पायरीवर बसलंय कोण?"

आतमध्ये केस वाळवायच्या टोपांखाली ओळीने बसलेल्या बायकांनी, डोक्याला गुंडाळ्या तशाच ठेवून, आपापलं नाव एकाच वेळी ओरडलं. एकीचंही धड कळलं नाही.

"पुन्हा!" व्हर्डेल म्हणाली. "एकेक करून, बायांनो. आधी मी."